स्क्वूश: पैठणीचा फोटो जेपीजीत टाकायचा, वेबपीत की एव्हीआयएफमध्ये, हे मी जिथे ठरवते ते टूल

"अगं, हा आपलाच काठ ना? मग असा धुतल्यासारखा का दिसतोय?" सासूबाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आमचं येवल्याचं दुकान पहिल्यांदाच नेटवर आलेलं, आणि स्क्रीनवर होती डाळिंबी अंगाची, हिरव्या काठाची, पदरावर बांगडी मोर असलेली पैठणी. हातात घेतली तर डाळिंबी रेशीम संपून हिरवं जिथे सुरू होतं तिथे सुईने रेघ ओढल्यासारखी कड दिसते, आणि फोटोत ती कड पार विरघळलेली, एकाचा रंग दुसऱ्याला लागल्यासारखी. दुसऱ्या कुठल्या वस्तूच्या बाबतीत हे चालून गेलं असतं कदाचित, पण हातमागावरच्या पैठणीचा फोटो असा दिसला तर बघणाऱ्या बाईच्या मनात पहिली शंका येते ती रंग जायची.

त्या आधीचं सांगते म्हणजे कळेल. साइट ज्यांच्याकडून बनवून घेतली त्यांनी सुरुवातीला सगळेच्या सगळे फोटो पीएनजीत टाकले होते, कारण पीएनजी म्हणजे चांगली क्वालिटी. दिसायला छान दिसत होते, प्रश्नच नाही. पण एकेक फोटो साडेतीन-चार एमबीचा, एका पानावर वीस साड्या, आणि गावाकडच्या बायका फोन करून सांगायच्या की ताई, तुमचं पान नुसतं गोल गोल फिरतंय. मग तक्रार केल्यावर त्यांनीच एका झटक्यात सगळं वेबपी करून टाकलं, एकच सेटिंग, क्वालिटी ६०, सगळ्या फोटोंना. पान पटकन उघडायला लागलं आणि काठ मातकट झाले. तेव्हा मी ठरवलं की हे आपण स्वतः शिकायचं, आणि शोधता शोधता स्क्वूश सापडलं. आज जवळजवळ दीड वर्ष रोज वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू.

स्क्वूश म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं फोटो लहान करायचं टूल. गुगलच्या क्रोम लॅब्सच्या टीमने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आणलं, फुकट आहे, लॉगिन नाही, कोड ओपन सोर्स आहे. फोटो उचलून त्या पानावर टाकायचा की स्क्रीनचे दोन भाग होतात, मध्ये एक उभी रेघ येते, ती बोटाने नाहीतर माऊसने इकडेतिकडे सरकवायची. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे लहान केलेला. खाली कोपऱ्यात साइज दिसते आणि किती टक्के वाचले तेही. दोन्ही बाजूंना वेगवेगळे फॉरमॅट लावता येतात, म्हणजे डावीकडे जेपीजी आणि उजवीकडे एव्हीआयएफ, आणि रेघ बरोबर काठावर आणून ठेवायची, झूम २०० टक्के करायचा, आणि बघायचं. बास, एवढंच. पण या एका सरकत्या रेघेने मला जे शिकवलं ते तोवर वाचलेल्या कुठल्याच लेखाने शिकवलं नव्हतं, कारण लेखात लिहिलेलं असतं "फोटोला जेपीजी, लोगोला पीएनजी, मॉडर्न साइटला वेबपी" आणि ते फळा-फुलांच्या, डोंगरांच्या फोटोंना ठीकच आहे. जरीचं आणि रेशमाचं गणित वेगळं आहे.

काय वेगळं ते सांगते, कारण इथेच सगळी गोम आहे. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक फार बारकाईने टिपतो, रंगाचा फरक तितक्या बारकाईने नाही. म्हणून जेपीजीसारखे फॉरमॅट फोटो साठवताना उजेड वेगळा ठेवतात आणि रंग वेगळा, आणि रंगाची माहिती बऱ्याचदा चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकच ठेवतात. याला ४:२:० म्हणतात, क्रोमा सबसॅम्पलिंग. आकाश, चेहरा, झाडं यांच्यात हे कळतच नाही. पण डाळिंबी आणि हिरवा हे दोन रंग उजेडाच्या हिशेबाने जवळपास सारखेच गडद आहेत! खात्री करायची तर फोनमध्ये तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, अंग आणि काठ एकाच राखाडी रंगाचे दिसतील. म्हणजे आमच्या साडीची ती सुईसारखी कड उजेडात नाहीच आहे, ती आहे फक्त रंगात, आणि नेमका रंगच फॉरमॅटने जाडाभरडा करून टाकला. लाल-हिरवं, राणी-मोरपंखी, जांभळं-लाल, आमच्याकडच्या निम्म्या जोड्या अशाच आहेत.

आता जेपीजीत हे सबसॅम्पलिंग बंद करता येतं. एव्हीआयएफमध्येही करता येतं. वेबपीच्या लॉसी प्रकारात, म्हणजे बारकावा फेकून फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, मात्र येत नाही, तो फॉरमॅटच तसा बांधलेला आहे, नेहमी ४:२:०. गुगलने २०१० मध्ये तो व्हीपी८ या व्हिडिओच्या तंत्रावरून काढला, आणि व्हिडिओत हीच पद्धत होती. स्क्वूशमध्ये वेबपीच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये शार्प आरजीबी ते वाययूव्ही असा एक टिक आहे, तो लावला की कड बरीच सुधारते, थोडा वेळ जास्त लागतो पण लावाच. तरी झूम करून बघितलं तर जेपीजी ४:४:४ च्या, म्हणजे सबसॅम्पलिंग बंद केलेल्या जेपीजीच्या, शेजारी वेबपीचा काठ किंचित फिका दिसतोच. म्हणजे आमचे काठ मातकट झाले त्याला नुसती ६० क्वालिटी कारण नव्हती, ती ९० केली असती तरी थोडं राहिलंच असतं. हे मला सांगणारं कोणी नव्हतं, मी रेघ सरकवून सरकवून शोधलं आणि मग वाचून खात्री केली.

फॉरमॅट एकेक करून बघू, माझ्या साड्यांच्या हिशेबाने.

जेपीजी. १९९२ सालचं स्टँडर्ड आहे आणि अजून कुठेही उघडतं, जुन्यात जुन्या फोनवर, ईमेलमध्ये, कुठेही. फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला डोळ्याला न कळणारा बारकावा फेकून देतं. स्क्वूशमध्ये याच्यासाठी मोझजेपेग आहे, मोझिलाने काढलेला एन्कोडर, म्हणजे फोटोची फाइल बनवणारा प्रोग्राम, आणि तो साध्या जेपीजीपेक्षा तेवढ्याच क्वालिटीला फाइल लहान करतो, फाइल मात्र जेपीजीच राहते म्हणून चालते सगळीकडे. ७५ क्वालिटीवर तो आपोआप उघडतो. मी पैठणीला ७८-८० ठेवते आणि अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन सबसॅम्पलिंग बंद करते, फाइल जराशी मोठी होते पण कड परत येते. फोनचा फोटो ४००० बाय ३००० चा, साडेचार-पाच एमबी. आधी रिसाइझ करून रुंदी १६००, मग हे सेटिंग, येतो साधारण चारशे केबीला. जरीमुळे जास्त होतो, प्लेन सिल्कचा दोनशेच्या आत बसतो. जर म्हणजे हजारो बारीक चमकते ठिपके, कॉम्प्रेशनला सगळ्यात जड माल.

हे रिसाइझचं मी मुद्दाम ठासून सांगते, कारण फॉरमॅटच्या आधी खरी बचत इथे आहे. लोक फॉरमॅटवर तासन् तास बोलतात आणि साइटवर ४००० पिक्सेलचा फोटो टाकतात जो फोनवर इंच-दोन इंचात दिसणार असतो. रुंदी अर्धी केली की पिक्सेल एक चतुर्थांश होतात. स्क्वूशमध्ये रिसाइझचा टिक लावून आकडा टाकायचा, पद्धत लँक्झॉस३ असते तीच राहू द्यायची.

एव्हीआयएफ. हा माझा आवडता. २०१९ सालचा, अलायन्स फॉर ओपन मीडिया नावाच्या कंपन्यांच्या संघाने काढलेला, एव्ही१ व्हिडिओच्या तंत्रावर उभा. क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून, आयफोनवर आयओएस १६ म्हणजे २०२२ पासून आणि एजमध्ये २०२४ पासून चालतोय, म्हणजे आता वापरायला हरकत नाही. वरचीच डाळिंबी पैठणी, रुंदी १६००, सबसॅम्पलिंग ऑफ, क्वालिटी ५५ ला ठेवली तर सव्वादोनशे केबीला आली आणि काठ अगदी हातात धरल्यासारखा. जेपीजी इतकं लहान करायला गेलं तर मोराभोवती चौकोन चौकोन दिसायला लागतात. पण दोन गोष्टी. एक, एन्कोड करायला वेळ लागतो, कारण हिशेबच फार जड आहे, एफर्टचा स्लायडर वाढवला तर एक फोटो होईपर्यंत चहा टाकून होतो, मी तो आहे तिथेच ठेवते. दोन, क्वालिटी फार खाली नेली तर एव्हीआयएफ चौकोन दाखवत नाही, तो गुळगुळीत करतो. दिसायला स्वच्छ, सुंदर, आणि रेशमाचा पोत गायब, सिंथेटिक साडी वाटायला लागते. जेपीजी बिघडलं की लगेच डोळ्याला खुपतं, हे बिघडलेलं पटकन कळत नाही, म्हणून शेजारी मूळ फोटो ठेवून बघणं याच्यासाठी तर फारच गरजेचं.

आणि हो, ७५ म्हणजे ७५ असं समजू नका! जेपीजीचा ७५, वेबपीचा ७५ आणि एव्हीआयएफचा ७५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, प्रत्येकाची पट्टी वेगळी. आमच्या साइटवाल्यांशी माझं हेच बोलणं दोनदा झालं. आकडे जुळवू नका, फोटो जुळवा.

वेबपी मी टाकून दिलेलं नाही, त्याची जागा वेगळी आहे. घडी घातलेल्या साडीचे बॅकग्राउंड काढलेले फोटो असतात ना, मागे पारदर्शक, ते जेपीजीत ठेवताच येत नाहीत कारण जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही, आणि पीएनजीत ठेवले तर दीड-दोन एमबी. वेबपी लॉसी असूनही पारदर्शकता ठेवतं, तोच फोटो दीडशे केबीला. एव्हीआयएफसुद्धा ठेवतं, पण हे छोटे फोटो मी भराभर करते आणि वेबपी क्षणात होतं. आयफोनवर वेबपी २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, त्यामुळे तीही काळजी नाही.

पीएनजीबद्दल गैरसमज फार आहेत. चांगलाच फॉरमॅट आहे, १९९६ पासूनचा, जीआयएफच्या कॉम्प्रेशनवरच्या पेटंटची कटकट सुरू झाली म्हणून लोकांनी मिळून बनवलेला, आणि एकही पिक्सेल हरवत नाही. पण एकही हरवत नाही म्हणूनच जरीच्या फोटोला तो परवडत नाही. आणि फोनमधून जेपीजी आलेला असताना त्याला पीएनजी केलं तर क्वालिटी वाढत नाही, जे जेपीजी होतानाच गेलं ते गेलं, फक्त फाइल फुगते. दुधात पाणी पडल्यावर मोठ्या पातेल्यात ओतून काय होणार. आमच्याकडे पीएनजी उरलंय ते फक्त एका ठिकाणी, साडी जपायच्या सूचनांचं चित्र, त्यात बाणबिण आणि अक्षरं आहेत, जेपीजीत अक्षरांभोवती धुरळा उडाल्यासारखं दिसतं. तिथे स्क्वूशमधलं रिड्यूस पॅलेट वापरायचं, २५६ ऐवजी ३२ रंग, वर ऑक्सीपीएनजी हा पीएनजीचा एन्कोडर, ९० केबीचं चित्र बावीसला आलं आणि फरक शून्य. हेच पॅलेट मी हौसेने एकदा धूपछाँव पैठणीच्या फोटोवर लावून बघितलं, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे साडी हलली की रंग बदलतो, त्या हळूहळू बदलणाऱ्या रंगाचे पट्टे पट्टे झाले. म्हणजे ते फोटोसाठी नाहीच.

लोगो. आमच्या मोराच्या लोगोला आधी पीएनजी होता, आता एसव्हीजी केला, तो आकृती म्हणून साठतो, पिक्सेल म्हणून नाही, कितीही मोठा करा फाटत नाही आणि फाइल सहा केबी. हे काम स्क्वूशचं नाही हे लक्षात घ्या, त्यात एसव्हीजी उघडतं पण बाहेर पडताना पिक्सेलवालाच फॉरमॅट मिळतो. लोगो ज्याने काढला त्याच्याकडून मूळ एसव्हीजी मागून घ्यायची, आम्हाला मागितल्यावर लगेच मिळाली.

जेपीजी एक्सएल पण यादीत दिसेल. तंत्र म्हणून उत्तम आहे, सफारीने २०२३ मध्ये घेतलं, पण त्याच वर्षी क्रोमने आपला प्रायोगिक सपोर्ट काढून टाकला होता. गिऱ्हाईक कुठल्या फोनवरून येणार हे आपल्या हातात नाही, म्हणून दुकानाच्या साइटवर मी ते टाकत नाही.

स्क्वूशची मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट मात्र फॉरमॅटची नाहीच. फोटो कुठेही अपलोड होत नाही. सगळं काम आपल्याच कॉम्प्युटरवर, ब्राउझरच्या आत होतं, वेबअसेंब्ली नावाच्या तंत्राने, एकदा पान उघडलं की नंतर नेट गेलं तरी चालतं. येवल्यात दुपारी नेट गेलं म्हणून माझं काम थांबलं नाही असं कितीदा झालंय. शिवाय नवीन डिझाइनचे फोटो बाजारात यायच्या आधी कुणा परक्याच्या सर्व्हरवर जात नाहीत, आमच्या धंद्यात याला फार किंमत आहे, एक पैठणी मागावर महिना महिना असते आणि तिच्या पदराची नक्कल पॉवरलूमवर उतरायला किती वेळ लागतो हे येवल्यात कुणालाही विचारा. आणखी एक, फोनचा फोटो असला की त्याच्या आत कधी, कुठे काढला ही माहिती असते, जीपीएससकट. आमचे विणकर घरीच माग लावून बसतात, फोटो त्यांच्या घरात काढलेले असतात. स्क्वूशमधून बाहेर पडलेल्या फाइलमध्ये ही माहिती राहत नाही. मला हे आधी माहीत नव्हतं, कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

कमी काय, तर एका वेळी एकच फोटो. याला काही इलाज नाही, ते बनवलंयच तसं. पूर्वी याची कमांड लाइनवाली आवृत्ती होती, शंभर फोटो एकदम करता यायचे, ती त्यांनी बंद केली. ज्यांच्याकडे पाचशे फोटो आहेत त्यांनी स्क्वूशवर प्रत्येक प्रकारचा एकेक नमुना बसवून आकडे ठरवावेत आणि बाकीचं काम दुसऱ्या प्रोग्रामला द्यावं. आमच्याकडे भाचा आहे, त्याने शार्प नावाच्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली, मी त्याला फक्त सांगते की या फोल्डरला एव्हीआयएफ, सबसॅम्पलिंग बंद, एवढी क्वालिटी. तिथेही नमुना पुन्हा डोळ्याने तपासते, कारण एन्कोडर वेगळा असला की तोच आकडा तसाच दिसेल असं नाही. आठवड्याला दहा-पंधरा नव्या साड्या येतात त्या मात्र मी अजून स्क्वूशवर हातानेच करते, सेटिंग सेव्ह करून ठेवायची सोय आहे त्यामुळे तेवढं जड जात नाही. सगळं इंग्रजीत आहे, पण शब्द मोजकेच आहेत, सासूबाईंनासुद्धा रेघ सरकवायला येते आता.

साइटवर लावताना पानाच्या एचटीएमएल कोडमधला पिक्चर टॅग वापरा. त्यात एव्हीआयएफ आधी लिहायचा, खाली जेपीजी, ज्या फोनला एव्हीआयएफ कळतो तो ते उचलतो, नाही कळत तो जेपीजी घेतो. वर्डप्रेस असेल तर ५.८ पासून वेबपी आणि ६.५ पासून एव्हीआयएफ अपलोड होतो, हे तुमच्या साइटवाल्यांना सांगा, आणि ते "एकदम सगळं कन्व्हर्ट करून देतो" म्हणाले तर आधी कुठल्या सेटिंगला ते विचारा. लिंक शेअर केल्यावर जो छोटा फोटो दिसतो तो मी जेपीजीच ठेवलाय, तिथे प्रयोग नको. आणि साइट वीस मीटर लांबीच्या पानासारखी असेल तर खालचे फोटो लेझी लोडवर टाका, म्हणजे बघणारी तिथपर्यंत सरकली की मगच ते उघडतील, वरचा पहिला मात्र टाकू नका, तो लगेच दिसायला हवा.

फोटो आत येतानाच बिघडलेला असेल तर पुढे काहीच उपयोग नाही. विणकर व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवतात तेव्हा तो आधीच दाबला जाऊन येतो, म्हणून आम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय की दादा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आयफोनवाल्यांना सांगितलंय की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट मोस्ट कम्पॅटिबल करा, नाहीतर आयफोनचा स्वतःचा एचईआयसी फॉरमॅट असलेली फाइल येते आणि ती क्रोममध्ये उघडत नाही. आणि मूळ फोटो कधीच पुसायचा नाही. प्रत्येक नवा प्रयोग मूळ फोटोवरूनच करायचा, लहान केलेल्याला पुन्हा लहान केलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं झिजतं. आमची एक हार्ड डिस्क फक्त मूळ फोटोंची आहे, कपाटात, साड्यांच्याच शेजारी.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो एकेक फोटोसाठी.

सध्या चंद्रकळेशी झटापट चालू आहे. काळी साडी, लाल काठ. काठाचं डाळिंबीसारखंच झालं, सबसॅम्पलिंग बंद केलं की जमलं, पण अंगाचा काळा हे वेगळं दुखणं आहे. बहुतेक एन्कोडर गडद भागात बारकावा आधी फेकतात, त्यामुळे रेशमाची जी मंद झिलई असते, चुण्यांमध्ये उतरत जाणारी, तिचे ढब्बे होतात. एव्हीआयएफ ५५ वर अंग सपाट पडलं, ६५ वर थोडं जिवंत झालं, ७२ वर सासूबाईंनी रेघ काठापासून पदरापर्यंत दोनदा सरकवून बघितली आणि म्हणाल्या, "हं, आता ही नेसावीशी वाटते." तर काळ्या साड्यांना ७२, तूर्तास तरी.